गाडीचं नाक

देवपूजा उरकली की चारुशीलाबाई धुपाटणं घेऊन अंगणात येत आणि गाडीच्या बॉनेटसमोरही धूप फिरवीत. त्यांचे यजमान विष्णुपंत हे निवृत्त विज्ञानशिक्षक. ते पायरीवरून म्हणत, तिला खोकला होईल. बाई नुसत्या हसत.

त्या मंगळवारी मात्र बाई आदल्या संध्याकाळपासून मिरजेच्या इस्पितळात होत्या. पित्ताशयातल्या खड्यांची शस्त्रक्रिया दुपारी ठरली होती आणि यांना पाहिल्याशिवाय आत जाणार नाही, असं त्यांनी डॉक्टरांना हळू आवाजात पण बजावून सांगितलं होतं. विष्णुपंतांनी गाडीत बसून बटण दाबलं. इंजिन गप्प. पडद्यावर बिघाडाचा क्रमांक तेवढा उमटला. गावातली सकाळची एकुलती एसटी निघून गेली होती.

मागच्या गल्लीतले इक्बालभाई मिस्त्री आले. त्यांनी आपलं यंत्र जोडून क्रमांक वाचला: गंधसंवेदक बंद. या नव्या गाड्यांच्या इंजिनाला नाक असतं. वायर जळायला लागली की पहिल्यांदा त्यालाच कळतं, म्हणून नाक बंद असेल तर गाडी जागची हलत नाही. इक्बालभाईंनी ते नाक काढून तपासलं, तर ठणठणीत. क्रमांक पुसला, तर पुन्हा हजर.

"सर, गाडी रोजच्या वासाशी आजचा वास ताडून बघते," ते म्हणाले. "रोज सकाळी हिला कसला वास येतो?"

विष्णुपंतांनी पायातल्या चपलांकडे बघत धुपाचं सांगितलं.

रोजचा धूर आला नाही, म्हणजे आपलं नाकच गेलं, असा गाडीनं निष्कर्ष काढला होता. ही सवय पुसायला कंपनीची परवानगी लागणार होती आणि ती संध्याकाळपर्यंत तरी मिळणार नव्हती.

देवघरात धूप सापडेना. विष्णुपंतांनी डासांची कॉईल पेटवून बॉनेटसमोर धरली. गाडीनं 'अनोळखी जळका वास' असा दुसरा क्रमांक दाखवून भोंगाच सुरू केला. शेवटी त्यांनी बाईंना फोन लावून सगळं सांगितलं.

"अहो, ती कॉईल आधी बाजूला ठेवा," बाई शांतपणे म्हणाल्या. "समईमागच्या डब्यात धूप आहे. गोवरीचा तुकडा पेटवा, वर धूप घाला आणि थेंबभर तूप."

"तूप कशाला? हा प्रयोग आहे, नैवेद्य नाही."

"मी रोज घालते. तिला तोच वास ठाऊक असणार ना?"

विज्ञानशिक्षकांनी गोवरी पेटवून वर धूप घातला. त्यांनी तूप घातलं आणि धुपाटणं फिरवलं. इक्बालभाईंनी अदबीनं तोंड दुसरीकडे वळवलं. इंजिन सुरू झालं.

विष्णुपंत इस्पितळात पोहोचले तेव्हा बाईंना चाकांच्या खाटेवर घेतलं होतं. त्यांच्या सदऱ्याला येणारा धुपाचा वास बाईंनी मन भरून घेतला आणि चला म्हणाल्या. दार मिटलं.

विष्णुपंत बाकावर बसले होते तेवढ्यात इक्बालभाईंचा फोन आला. कंपनीनं अपेक्षेपेक्षा लवकर होकार कळवला होता. गाडी परत आली की सवय पुसून टाकू का, असं ते विचारत होते.

विष्णुपंत सदऱ्याची बाही हुंगत विचार करू लागले. बाई सकाळी अंगणात आल्या नाहीत, एवढ्यावरून काहीतरी बिघडलंय हे गाडीनं ओळखलं होतं. मग ही चूक म्हणायची, की अचूक निदान?