नववा टोल

हे खरं आहे. शपथेवर सांगते. व्हिडिओसुद्धा आहे माझ्याकडे... पण तो मी कुणाला दाखवत नाही.

नाताळची सुट्टी. २६ डिसेंबर. गुरुवार. दुपारचे साडेतीन. डेन्मार्कमधल्या आमच्या लोलँड बेटावर हिवाळ्यात तेव्हाच दिवस मावळतो.

आमच्या जुन्या चर्चची घंटा रोज मावळतीला माझे आजोबा ओढतात. चाळीस वर्षं. त्या दिवशी त्यांच्या छातीत दुखत होतं, म्हणून दोर पहिल्यांदाच माझ्या हातात. मी तर हवेतच!

"शेवटी नऊ टोल, योहाने. तीन, तीन, तीन," आजोबा म्हणाले. "एकही कमी नको. वरचा ऐकत असतो."

वरचा म्हणजे देव नव्हे. चर्चच्या छतावर, आतल्या बाजूने, पाचशे वर्षांपूर्वी रंगवलेला सांगाडा. एका घरापुढे उभा, दार ठोठावायला मूठ उगारलेली. मूठ आणि दार यांच्यात बोटभर पांढरा चुना. नऊ टोल पडले की मूठ तिथेच थांबते म्हणे.

"आजोबा, पंधरा वर्षांची आहे मी. नऊपर्यंत येतं मला!"

एका हातात दोर, दुसऱ्या हातात फोन. व्हिडिओ कॉलवर माझी मैत्रीण कार्ला; कॉल रेकॉर्ड होत होता.

"बाईसाहेब, घंटा ओढताय की गाईची धार काढताय?"

मी इतकी हसले...

"अगं, शेवटच्या तीनातले दोनच वाजले," कार्ला म्हणाली.

"कोण मोजतंय!"

घंटा थांबली. मनोऱ्यातले कावळेही गप्प झाले.

"योहाने... तुझ्या मागे भिंत कोण खरवडतंय?"

मी वळले. कुणीच नव्हतं.

मग वर पाहिलं.

छतावर दार होतं. उंबरा होता. दारापुढे मात्र... नुसता चुना.

सांगाडा नव्हता.

मी धावत सुटले. आमचं घर कबरींच्या पलीकडेच. उंबऱ्यावर पांढरी पूड सांडली होती. आत आजोबा कॉफी पीत बसलेले.

"आत्ता कुणीतरी दार ठोठावलं. एकदाच."

"उघडलंत?"

"नाही, उठेपर्यंत पुन्हा वाजलंच नाही. तू दिलेस ना गं नऊ?"

"...हो."

दुसऱ्या दिवशी सांगाडा जागेवर होता. पण तो बोटभर चुना आता दिसत नाही.

मूठ दाराला टेकलीय.

तेव्हापासून रोज मीच दोर ओढते. मोठ्याने मोजते. पूर्ण नऊ.

तरी घरी येऊन बूट काढते न काढते तोच... एक थाप.

काल आजोबा खुर्चीतून उठले. धाप लागली होती, तरी हसत होते.

"तू नऊ देतेस म्हणजे तो काही नसणार. कुणीतरी बिचारं थंडीत गारठलंय. उघडू का?"

मी कडी घट्ट धरून उभी राहिले. खरं सांगायचं होतं. ओठांवर आलंही होतं.

नाही सांगितलं.

उद्यापासून माझी शाळा सुरू होतेय. मी परतेपर्यंत अंधार पडलेला असेल; तोवर आजोबा घरी एकटेच.