डावीकडचा ब्रेक

वैभव डेंग्यूने गेला आणि त्याचं मोटार ट्रेनिंग स्कूल बंद झालं. छोटी पांढरी गाडी तेवढी लालबागच्या बिल्डिंगखाली उभी राहिली. टपावरचा शाळेचा बोर्ड ऑस्वाल्डने उतरवला. ऑस्वाल्डचं परळला गॅरेज, आणि वैभवची नि त्याची दोस्ती जुनी.

"वहिनी, डावीकडचे पेडल पण काढून टाकतो. आता कोण बसणार तिथे?"

शिकवणाऱ्याच्या पायाशी असतात ते क्लच आणि ब्रेक. वैभवची बायको दर्शना म्हणाली, "राहू दे सध्या."

दर्शना एका इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला होती. तपासल्याशिवाय काही खरं मानायचं नाही, हा तिचा स्वभावच. गाडी तिला वैभवनेच शिकवली होती, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतल्या मोकळ्या रस्त्यांवर, आणि तेव्हा दोघं कडाकडा भांडली होती. "ब्रेक चाकाला लागतो गं, थांबवतो तो रस्ता. रस्त्याला जागा तरी देशील?" तो ओरडायचा. मग घरी ती पोळ्या लाटत असताना शांतपणे समजावायचा, की पाय पेडलवर पडला की तेलावर दाब येतो आणि तो दाब नळ्यांतून एकदमच चारही चाकांपर्यंत पोचतो. त्याचा ब्रेक तिच्या ब्रेकला तारेने जोडलेला होता. त्याने दाबला की तिच्या पायाजवळचाही आपोआप खाली जायचा. तिला नेमका त्याचाच राग यायचा.

महिन्याभराने ती मुलीला, श्रेयाला, माटुंग्याला कॉलेजात सोडायला निघाली. हिंदमातापाशी एक बस थांबली होती. तिच्या बाजूने पुढे काढताना गाडी अचानक हळू झाली, थांबली. त्याच क्षणी बसच्या पुढून एक बाई लेकराला ओढत धावत आली.

"बरं झालं ब्रेक मारलास," मागून श्रेया म्हणाली.

दर्शनाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता.

ऑस्वाल्डने सगळं उघडून पाहिलं. तेल बदललं, तार ओढून बघितली. "वायर ओके आहे, वहिनी. पेडल आपोआप नाही जात खाली. दाबावंच लागतं." एवढं बोलून तो डाव्या सीटकडे बघत राहिला. मग उगाचच हात पुसू लागला.

दुसऱ्यांदा दादरच्या फुलबाजाराजवळ झालं. या वेळी तिने वाकून पाहिलं. डावीकडचं पेडल खाली गेलेलं होतं. आधी अलगद, मग पूर्ण भार. वैभव असाच दाबायचा. थोड्या वेळाने ते सावकाश वर आलं.

तिला भीती वाटली नाही. मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या आणि ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होती.

त्यानंतर ती रोज गाडी काढू लागली. काम नसतानाही. आणि वाईट चालवू लागली. ट्रकच्या अगदी मागे जायचं, वळणावर वेग कमी करायचा नाही. प्रत्येक वेळी तो ब्रेक दाबायचा. तेवढा एक क्षण तो तिच्या शेजारी असायचा.

"आई, माझ्यासोबत तू नीट चालवतेस ना?" श्रेयाने एकदा विचारलं.  त्या दिवसापासून श्रेयाला गाडीत घेणं दर्शनाने बंद केलं.

रविवारी दुपारी ती शिवडीला गेली. गोदामांमधला सरळ, ओसाड रस्ता. टोकाला भिंत. मरायचं तिच्या मनात नव्हतं. त्याने दाबावा, नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरावा, इतकंच.

तिने वेग वाढवला. भिंतीवरचं शेवाळ दिसू लागलं.

"दाब ना रे," ती म्हणाली.

टायर किंचाळले. जळक्या रबराचा वास आला. गाडी भिंतीपुढे हातभर अंतरावर थांबली.

पेडल वर आलं नाही.

"बास. सोड आता."

तिने गिअर टाकला. गाडी हलेना. हाताने पेडल वर ओढलं. त्याच्यावर वजन होतं.

"सॉरी. परत नाही असं करणार. वैभव, सोड ना."

कितीतरी वेळ ती विनवत राहिली.

ऑस्वाल्डने टोइंगवाल्याला आणून गाडी उचलून लालबागला आणली. आवारातच त्याने जोडतार कापली, तेल पार काढून टाकलं. चाकं सुटली नाहीत. शेवटी त्याने बॅटरी काढली, काखेत मारली आणि दर्शनाकडे न बघताच म्हणाला, "वहिनी, ही गाडी आता माझ्याकडे पाठवू नका."

संध्याकाळी श्रेया गॅलरीत उभी होती.

"आई, काकांनी बॅटरी नेली ना?"

दर्शना बाहेर आली. खाली गाडीच्या मागचे दोन्ही लाल दिवे लागलेले होते, ब्रेक दाबून धरला की लागतात तसे. ते क्षणभर विझले आणि लगेच पुन्हा लागले, दमलेल्या माणसाने पाय बदलावा तसे.