केतकी गेडाम हजर आहे

इरईनगर विद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, पूर्वी जिथे भूगोलाचं दालन होतं, तिथे आता अपेक्षायंत्राची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हणजे एक लांब टेबल, भिंतभर पसरलेला पडदा आणि कोपऱ्यात कपाटाएवढी एक राखाडी पेटी. मार्च संपत आला होता. चंद्रपूरकडचं ऊन सकाळपासूनच अंगावर येत होतं, पण पेटी तापू नये म्हणून या खोलीत गारवा ठेवलेला असे. यंत्र बनवणाऱ्या डॉ. सुनीती मुनघाटे आज पाहुण्यांची वाट पाहत होत्या. नागपूरहून मेंदूविज्ञानाच्या तज्ज्ञ डॉ. फिरदौस पठाण येणार होत्या आणि हे यंत्र राज्यातल्या इतर शाळांना द्यावं की नाही, हे त्यांच्या मतावर ठरणार होतं.

फिरदौस आल्या त्या थेट वर आल्या नाहीत. आधी शाळाभर एकट्या फिरून आल्या. मधली सुट्टी संपून बराच वेळ झाला होता आणि वर्ग चालू होते. खुर्चीत बसल्यावर त्यांनी पहिला प्रश्न यंत्राबद्दल विचारलाच नाही. जिन्यात, नळांजवळ, खिचडीच्या शेडमध्ये, सगळीकडे तीच तीन वाक्यं रंगवलेली दिसली, ती कुणाची, असं त्यांनी विचारलं.

ती वाक्यं शिक्षकांची होती. स्वतःला जप. दुसऱ्याला जप. शाळेला जप. सुनीतींनी सगळी हकीकत सांगितली. चार वर्षांपूर्वी ही शाळा भांडणांसाठी प्रसिद्ध होती. नळाच्या तोट्या आठवडाभर टिकत नसत. खिचडीच्या रांगेत रोज कुणाचं तरी डोकं फुटे आणि मुख्याध्यापक चिमूरकर सरांचा अर्धा दिवस शिक्षा देण्यात जाई. मग एका उन्हाळ्यात सगळे शिक्षक एकत्र बसले. मुलांना काय करू नका हे आपण रोज सांगतो, पण काय करा हे कधी नीट सांगितलंच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा ही तीन वाक्यं ठरली आणि प्रत्येक जागी त्यांचा अर्थ काय, तेही ठरलं. जून महिन्यात पहिले काही दिवस गणित-भाषा बाजूला ठेवून शिक्षक मुलांना घेऊन नळाशी गेले, जिन्यात गेले, मैदानावर गेले. ‘शाळेला जप’ म्हणजे नळाशी काय करायचं, हे पाढ्यासारखं घोटून घेतलं. जो नीट करेल त्याला तिथल्या तिथे शाबासकी दिली. दिवाळीपर्यंत शाळेचा चेहराच बदलला.

“मग यंत्राची गरज काय पडली?” फिरदौसनी विचारलं.

“शाबासकी आटली,” सुनीती म्हणाल्या. “मुलं नीट वागू लागली तसं ते वागणं शिक्षकांच्या अंगवळणी पडलं. जे रोज दिसतं त्याचं कौतुक करायला माणूस विसरतो. यंत्र विसरणार नाही, असं मला वाटलं.”

त्यांनी पडदा चालू केला. प्रत्येक वर्गात आणि आवारात छताला वेधक, म्हणजे छोटे कॅमेरे, बसवलेले होते. त्यांनी टिपलेली खरी चित्रं दिवसभर साठून राहत आणि संध्याकाळी पुसली जात. मुलांचे चेहरे उघड होऊ नयेत म्हणून पडद्यावर खरं चित्र कधीच दाखवलं जात नसे. तिथे दिसत त्या साध्या रेषांच्या आकृत्या, आणि प्रत्येकीखाली नाव. मुलांच्या बाकावर बोटाएवढा एक दिवा होता. त्याला सगळे कौतुकदीप म्हणत. मूल चांगलं वागलं की तो हळूच उजळे.

“पण प्रत्येक चांगल्या वागण्याला नाही,” सुनीती म्हणाल्या. “हे तत्त्व मी तुमच्याच विषयातून घेतलंय. मेंदू जे मिळालं त्यातून शिकत नाही. अपेक्षा काय होती आणि मिळालं काय, या दोहोंतल्या भेदातून शिकतो. म्हणून यंत्र आधी प्रत्येक मुलाबद्दल अंदाज बांधतं. ऋग्वेद बोबडे रांगेत घुसेल असा अंदाज असतो. तो थांबला, तर दिवा लागतो. जो नेहमीच थांबतो, त्याच्यासाठी तेवढ्याने लागत नाही.”

“आणि हे एवढं सगळं एका पेटीवर चालतं?”

सुनीती या प्रश्नाचीच वाट पाहत होत्या. शेकडो मुलांना क्षणोक्षणी पाहायचं तर असल्या दहा पेट्या लागल्या असत्या. त्यांनी मेंदूची दुसरी युक्तीही उचलली होती. मेंदू समोरचं जग पूर्ण पाहत बसत नाही. बरंचसं तो स्वतःच्या अंदाजानेच रंगवतो आणि डोळ्यांकडून फक्त दुरुस्त्या मागवतो. घरातली रोजची भिंत आपण दर वेळी नव्याने पाहत नाही, तसंच. अपेक्षायंत्रही ज्या मुलाबद्दल खात्री कमी, त्याच्याकडे जास्त पाहत असे आणि जसजशी खात्री वाढेल तसतसं पाहणं कमी करत असे. पडद्यावरच्या आकृत्या म्हणजे यंत्राची समजूत होती.

फिरदौस उठून पडद्याजवळ गेल्या. मग त्यांनी विचारलं, सर्वांत जास्त खात्री कोणाबद्दल आहे?

“केतकी गेडाम. सातवी. तिच्याबद्दलची खात्री पूर्ण भरलीय,” सुनीती अभिमानाने म्हणाल्या आणि पडद्यावर सातवीचा वर्ग आणला. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर एक आकृती मान खाली घालून लिहीत होती. “तिच्या बाकावरचा दिवा दिवाळीपासून लागलेला नाही. आमच्या तीन वाक्यांना हाडामांसाचं करायचं तर ती केतकी.”

“खात्री चुकली तर?”

“भेद दिसेल. दुरुस्ती होईल.”

“पाहिलंच नाही तर भेद दिसेल कसा?”

सुनीतींनी खुर्ची मागे सारली. मग त्या म्हणाल्या की तुम्ही मुलीलाच भेटा. तिला बघितलं की तुमची शंका फिटेल.

सातवीवर उज्ज्वला निमगडे बाईंचा तास चालू होता. बाई वीस वर्षं शिकवत होत्या आणि त्यांच्या वर्गाला कधी दुसऱ्या कुणी आवरावं लागत नसे. सुनीतींनी दारातून पाहुण्यांची ओळख करून दिली आणि केतकीला दोन मिनिटं बाहेर पाठवा म्हणून विनंती केली. “न्या ना,” म्हणत बाईंनी हसून खिडकीकडे हात केला. तो हात तसाच राहिला. तिसऱ्या बाकावर वही उघडी होती, पेन होतं. बाकावर कोणी नव्हतं.

पाणी प्यायला गेली असेल, असं आधी बाईंना वाटलं. शेजारची मुलगी म्हणाली की सुट्टीनंतर ती आलीच नाही, बाईंनीच कुठे पाठवलं असेल असं वाटलं. सुनीती धावत प्रयोगशाळेत गेल्या. पडद्यावर केतकी गेडाम आपल्या बाकावर बसून शांतपणे लिहीत होती.

मैदान, शेड, स्वच्छतागृह, ग्रंथालय, सगळं पाहून झालं. फाटकावरच्या माणसाने कोणी बाहेर गेलं नसल्याचं सांगितलं. सुनीती पेटीसमोर उभ्या होत्या. यंत्राला कितीदा विचारलं तरी ते एकच सांगत होतं. केतकी हजर आहे.

“त्याला विचारू नका,” फिरदौस म्हणाल्या. “अंदाज बंद करा आणि वेधकांनी टिपलेलं जसंच्या तसं दाखवा. सुट्टीपासून.”

तेव्हा खरं चित्र आलं. सुट्टी संपताना मुलं वर्गांकडे पळत होती आणि केतकी उलट्या दिशेने गच्चीचा जिना चढत होती. सौरपट्ट्या पुसायला आलेल्या माणसांनी गच्चीचं दार सकाळी उघडं ठेवलं होतं. वेधकाने तिला नीट टिपलं होतं. यंत्राने ते पाहिलं नव्हतं.

दार वाऱ्याने लोटलं गेलं होतं आणि आतल्या बाजूची कडी पडली होती. पाण्याच्या टाकीच्या हातभर सावलीत केतकी पडलेली सापडली. अंग भट्टीसारखं तापलं होतं, ओठ पांढरे पडले होते आणि दार बडवून बडवून हाताच्या मुठी सोलल्या होत्या. निमगडे बाईंनी तिला उचललं. ओल्या चादरीत गुंडाळून चिमूरकर सरांच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोलू लागली. सुनीती तिच्या खाटेशी बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, त्यांनी नुसतं विचारलं की गच्चीवर का गेलीस?

केतकीने नजर सलाइनच्या नळीवर ठेवली. मग तिने सांगायला सुरुवात केली. सातवीत सगळ्यांचे दिवे लागत. ऋग्वेदचा तर दिवसातून कितीदा. तिचा लागेना तेव्हा तिला वाटलं, आपण कमी पडतोय. ती आणखी नीट वागू लागली. तरी लागेना. मग तिने एकदा नळ मुद्दाम उघडा सोडला. काहीच झालं नाही. कुणी रागावलंही नाही. एकदा मैत्रिणीची वही लपवली, तर सगळ्यांनी दुसऱ्याच मुलीवर संशय घेतला. एकदा तर भर प्रार्थनेत ती खाली बसून राहिली.

“मॅडम, मला दिवा नको होता,” ती म्हणाली. “मला फक्त बघायचं होतं, मी नसले तर कळतं का.”

सुनीतींना तिथे बसवेना. त्या बाहेर आल्या आणि वऱ्हांड्यातल्या बाकावर कितीतरी वेळ बसून राहिल्या. इतक्या वर्षांचं काम होतं. त्याच दुपारी त्यांनी पेटीची वीज तोडली.

संध्याकाळी चिमूरकर सरांच्या खोलीत चौघं बसली. सुनीतींनी चूक आपल्यावर घेतली. यंत्राला कोणाबद्दलही पूर्ण खात्री होऊ देणं हीच घोडचूक होती, कारण एकदा खात्री पूर्ण झाली की तिला खोटं ठरवणारी गोष्ट यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. सर म्हणाले, दिवे काढून टाकू. तीन वाक्यं राहतील, ती आपली आहेत. फिरदौसनीही यंत्र इतर शाळांना देऊ नये, असंच मत दिलं.

निमगडे बाई आता जरा तीव्रपणे म्हणाल्या की मी पहिल्यापासून विरोधात होते. पोर जिवानिशी गेली असती. यंत्राला डोळे असतात, नजर नसते. शिक्षकाच्या भरवशावर वर्ग असता तर हे झालंच नसतं.

फिरदौसनी मान डोलावली. मग अगदी हलक्या आवाजात, जणू नुसतीच माहिती हवी होती अशा सुरात, त्यांनी विचारलं, “काल सुट्टीनंतर वर्गावर तुम्हीच होतात ना?”

“हो. दोन्ही तास माझेच.”

“हजेरी यंत्राकडे होती?”

“यंत्राकडे होती. पण सुट्टीनंतर मी माझी घेतेच. नावं घेऊन. वीस वर्षांची सवय आहे.”

“मग केतकीचं नाव घेतलंत?”

“घेतलं ना.” बाई सहज म्हणाल्या. “हजर म्हणाली ती.”

बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावली, तिचा आवाज आला.

बाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्या आठवू लागल्या. नाव घेतलं होतं. तिचा तो बारीक, स्पष्ट आवाज ऐकला होता. इतकंच काय, त्या मान वर करून खिडकीकडे हसल्याही होत्या आणि तिने वहीतून डोळे उचलून पाहिलं होतं. ते सगळं त्यांना आताही डोळ्यांसमोर लख्ख दिसत होतं.

“पण ती गच्चीवर होती,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

“तुम्ही खोटं बोलत नाही आहात,” फिरदौस म्हणाल्या. “तुम्ही तिला खरंच पाहिलंत. सुनीतींनी जिच्यावरून यंत्र बेतलं, ती पेटी आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात आहे.”

बाईंनी मान वर केली. “ते तुम्ही बंद केलंत,” त्या सुनीतींना म्हणाल्या. “मला कोण बंद करणार?”

फिरदौस एवढंच म्हणाल्या की अंदाज बांधणं माणसाला थांबवता येत नाही. मात्र मुद्दाम वेळ काढून एखाद्याकडे बघत बसता येतं.

बाई तिथून सरळ दवाखान्यात गेल्या. केतकीला झोप लागली होती. तिची आई उशाशी पंख्याचा वारा अंगावर येईल अशा बेताने बसली होती. तिने बाईंना स्टूल दिलं. बाई नुसत्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. आईला थोडं अवघडल्यासारखं झालं.

केतकीच्या डाव्या गालावर, कानाच्या थोडं पुढे, चिंचोक्याएवढा तांबूस डाग होता. बाई घाबरून पुढे झुकल्या आणि हे उन्हाने झालं का, असं त्यांनी विचारलं.

“नाही न बाई,” आई म्हणाली. “जन्मखूण आहे ती तिची.”