तळ्याकाठच्या मोटेलात काढलेलं पाणी

"पाणी काढलंय गं… ऊठ, निवून चाललंय!"

हा माझ्या आईचा आवाज. कराडला आमच्या मागच्या दारी तांब्याचा बंब धुमसायचा आणि न्हाणीघरातून ही हाक यायची. माझी लहानपणीची सकाळ या हाकेनेच उजाडायची. पाणी काढता काढता आई गुणगुणायची. ओवी तिची तिनेच जुळवलेली…

ऊन ऊन पाणी गं, घंगाळात काढियेलं
लेकीच्या वाटेकडं, माझं मन लागियेलं

"अगं, मी इथेच तर आहे. वाट कसली बघतेस?" मी चिडवायचे.

"आज आहेस. उद्याचं कोणी बघितलंय?" असं म्हणून ती पाण्यात विसण घालायची. गार पाण्याची नेमकी तेवढीच धार. माझ्या अंगाला सोसेल तेवढी.

पुढे जे लिहिते आहे त्यातलं काही रचलेलं नाही. रचायचं असतं, तर निदान शेवट तरी माझ्या सोयीचा केला असता.

साल २००४. ईस्टरची सुट्टी. न्यूझीलंडच्या साउथ आयलंडमधलं, तळ्याकाठचं एक लहानसं गाव. गावाचं नाव लिहीत नाही. ज्या मोटेलात हे घडलं ते अजून चालू आहे, आणि त्या मालकीणबाईंचा यात काही दोष नाही.

तेव्हा आम्ही तिकडच्याच दुसऱ्या बेटावर, लोअर हटला राहायचो. मी आणि माझा नवरा शंतनु. मला आठवा महिना लागला होता. आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं, त्यामुळे शंतनु मला तळहातावरच्या फोडासारखं जपत होता. विमानात बसायला डॉक्टरांची सक्त मनाई होती.

आणि तिकडे कराडला आई न्यूमोनियाने दवाखान्यात होती.

"बरी आहे गं मी," आमच्या शेवटच्या फोनवर ती म्हणाली होती. "तुझे पाय सुजतायत का, ते सांग."

बाळंतपणाला ती येणार होती. तिचा व्हिसाही आला होता.

गुरुवारी मी मिडवाइफकडे तपासणीला गेले होते. परत आले तर गाडीत बॅगा भरलेल्या.

"चल, फिरून येऊ," शंतनु म्हणाला.

"आत्ता? कुठे?"

"तुला ते तळं बघायचं होतं ना? बाळ आल्यावर कुठलं फिरणं!"

मला हसू आलं. मी त्याने भरलेली बॅग उघडून बघितली. तीन स्वेटर, चिवड्याचा डबा, आणि माझी एकही सलवार नाही.

"मी काय नुसत्या स्वेटरवर फिरू तळ्याकाठी?"

एरवी तो या वाक्यावर लोळून हसला असता. त्या दिवशी हसला नाही.

हॉलमध्ये फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेला दिसला. मी उचलायला गेले.

"राहू दे, बिघडलाय तो," तो घाईने म्हणाला.

फेरीबोटीने समुद्र ओलांडला. रात्री वाटेत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गावात पोचलो.

गाव कसलं, एकच रस्ता. एक चर्च, एक पेट्रोल पंप आणि एक डेअरी. इकडे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात. रस्ता संपला की लाकडी धक्का, आणि मग नुसतं पाणी. काठावर पिवळी झालेली पॉप्लरची झाडं. पाण्यात काळे हंस. डोंगर खाली वाकून आपलं तोंड बघत असावेत, इतकं ते पाणी शांत होतं.

इतकं शांत पाणी मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कराडची कृष्णा सारखी काहीतरी बोलत असते. हे तळं… ऐकत असल्यासारखं वाटत होतं.

मोटेलची मालकीण ग्लेनिस. साठीची, लाल गालांची. इथल्या रीतीप्रमाणे तिने दुधाची छोटी बाटली हातात दिली आणि माझ्या पोटाकडे बघून, माओरीत नमस्कार करत म्हणाली, "किया ओरा, लव्ह. तुला दोन देते."

सामान टाकून आम्ही धक्क्यावर चक्कर मारून आलो. ऊन उतरलं होतं. मी खोलीत शिरले आणि हात धुवायला बाथरूमचं दार उघडलं…

टब पाण्याने भरला होता.

पाण्यावर वाफ तरंगत होती. आरसा पांढरा झाला होता.

"शंतनु, तू पाणी काढून ठेवलंस?"

"मी? मी तर तुझ्याबरोबर होतो."

खरंच की. मग ग्लेनिसने भरलं असेल. पोटुशी बाई थकून येईल म्हणून. चांगली बाई आहे.

पण टबात उतरायची मला भीती वाटत होती. पाय घसरला तर?

मी बूच ओढलं. पाणी गेलं. जाताना शेवटी एक आवाज झाला… लांब, घशातून आल्यासारखा.

ते आवाज करतंच, अशी मी मनाची समजूत घातली.

शनिवारी सकाळी मी हट्टच धरला. आईशी बोलायचंय. मोबाइलला तिथे रेंज नव्हती. डेअरीबाहेर टेलिफोनचा बूथ होता. मी कॉलिंग कार्ड विकत घेतलं.

"दे, मी लावतो," शंतनुने कार्ड जवळजवळ ओढूनच घेतलं.

तो बूथमध्ये. मी काचेबाहेर. त्याने नंबर फिरवला, रिसीव्हर कानाला लावला, थांबला आणि मान हलवली.

"लागत नाहीये."

"परत लाव."

"तिकडे आत्ता पहाट असेल, निवे. झोपल्या असतील त्या."

त्याचा अंगठा फोनच्या हुकवर होता… घट्ट दाबलेला.

मला तो दिसला. दिसूनही मी काही विचारलं नाही. का विचारलं नाही, ते अजून सांगता येत नाही. काही प्रश्न आपण नेमके टाळतो, एवढंच.

मग आम्ही होडीतून फिरायला गेलो. होडीवाला डोंगरांची नावं सांगत होता. मी पाण्याकडे बघत होते. मध्यावर गेल्यावर वारा अगदीच पडला, आणि मला एकदम वास आला…

शेणी आणि लाकडं जळाल्याचा. बंबाचा.

"कोणीतरी काठावर शेकोटी केली असेल," शंतनु म्हणाला. त्याला वास आलाय का, हे मी विचारलंही नव्हतं.

परतलो तर ग्लेनिस अंगणातच उभी होती. तिने आवाज चढवला नाही, पण तोंड उतरलं होतं.

"हे बघ लव्ह, आंघोळ कर, माझी ना नाही. पण गरम पाण्याची टाकी सगळ्यांना मिळून एकच आहे. आज अख्ख्या मोटेलला गार पाणी मिळालं."

"आम्ही तर सकाळपासून बाहेर होतो."

"अगं, मी स्वतः ऐकलं की! दुपारी नळ चालू होता. आणि तू गात होतीस." तिचा चेहरा निवळला. "गोड आवाज आहे हो तुझा. तुमच्याकडचं अंगाईगीत का ते?"

मला गाता येत नाही. कधीच येत नव्हतं.

मी शंतनुकडे बघितलं. तो किल्ली कुलपात घालायचा प्रयत्न करत होता. किल्ली उलटी धरली होती.

टब पुन्हा भरलेला होता.

या खेपेला कठड्यावर एक वस्तू होती. किचनमधला मोजमापाचा प्लास्टिकचा जग. तांब्या ठेवावा तसा… कान माझ्याकडे करून ठेवलेला.

पाण्याला धुराचा वास होता.

मी बोटं बुडवली. विसण घातलेलं पाणी. जितकं हवं तितकंच ऊन.

मी घाबरायला हवं होतं, पण मला रडू आलं. आणि रडता रडता मी पुन्हा बूच ओढलं.

ते पाणी मी जाऊ दिलं. दोनदा. याची टोचणी मला मरेपर्यंत राहणार आहे.

रविवारी सकाळी जाग आली ती आवाजाने. खिडकीबाहेर धुकं. तळं नाही, डोंगर नाही, अंगणसुद्धा नाही. सगळं जग पुसून टाकल्यासारखं.

बाथरूममध्ये पाणी पडत होतं.

मी बाजूला हात फिरवला. शंतनु बिछान्यातच होता. उठून बसलेला.

नळ बंद झाला… कोणीतरी पिळून बंद करावा तसा.

मग डुबुक. तांब्या पाण्यात बुडावा तसं.

आणि मग अगदी हळू…

"पाणी काढलंय गं…"

आवाज दमलेला होता. पायऱ्या चढून आलेल्या माणसासारखा.

 शंतनुने दोन्ही हात जोडले. बंद दाराकडे बघत, ओल्या आवाजात तो म्हणाला,

"हो आई. सांगतो. आता सांगतो."

माझ्या पोटात बाळ एकदम वळलं.

"कुणाशी बोलतोयस, शंतनु? काय सांगणार आहेस?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"आई गेल्या, निवे. बुधवारी."

पुढचं तो भराभरा बोलला. गुरुवारी सकाळी, मी मिडवाइफकडे असताना, माझ्या भावाचा, चारूदादाचा फोन आला होता. दोघांनी मिळून ठरवलं की मला सांगायचं नाही. बाळंतपण होऊन जाऊ दे, मग बघू. शंतनुने एक शंका काढली होती, सुतकाचं काय? त्यावर दादा म्हणाला होता, "तिच्या कानावर गेलंच नाही, तर तिला सुतक कुठलं? कळल्यावर अंगावरून पाणी घ्यायचं. कळेपर्यंत काही नाही."

घरी सांत्वनाचे फोन येतच राहणार. म्हणून ही सहल. म्हणून बाजूला काढलेला रिसीव्हर.

दोन शहाण्या माणसांनी एवढा विचार केला. पण मुलीला कळल्याशिवाय आईला पुढे कसं जाता येईल, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मी उठले. दार उघडलं.

आत कोणी नव्हतं. टब काठोकाठ भरला होता. पाणी अजून हलत होतं.

मी टबाजवळ फरशीवर बसले, कपड्यांनिशी. शंतनुने जग भरून माझ्या डोक्यावर पाणी घातलं. पहिली धार पडली आणि माझा हंबरडा फुटला. ग्लेनिस धावत आली. दारात थांबली. आत येऊन तिने माझ्या पाठीवर टॉवेल टाकला, आणि माझ्याशेजारी ओल्या फरशीवर मांडी घालून बसून राहिली.

शेवटच्या धारेपर्यंत पाणी ऊन होतं.

मेमध्ये आमची लेक आनंदी झाली. नीट, गुटगुटीत. दादा फोनवर रडला, मीही रडले. मला वाटलं, संपलं. जे राहिलं होतं ते झालं. आई मोकळी झाली.

पण पुढच्या ईस्टरला, लोअर हटच्या आमच्या घरात, एका संध्याकाळी बाथरूमचा आरसा पांढरा झाला…

टब भरलेला. पाण्याला धुराचा वास.

त्याच्या पुढच्या वर्षीही. आणि त्याच्याही पुढच्या.

मी ते पाणी आता सोडून देत नाही. मुकाट्याने आंघोळ करते. भीती वाटत नाही, पण जीवही थाऱ्यावर राहत नाही. मला सगळं कळलंय. अंगावरून पाणी घेतलंय. दादाने दिवसपाणी यथासांग केलंय. मग ती का येते? माझ्यापर्यंत अजून काय पोचायचं राहिलंय?

गेल्या ईस्टरला, म्हणजे २००९ साली, पाणी पुन्हा काढलेलं दिसलं. मी आंघोळ केली. ओल्या केसांनी बाहेर आले. शंतनु पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभा होता. पाच वर्षांत त्याचे केस पांढरे झाले आहेत. लोक त्याला कामाचा ताण म्हणतात.

"आईला अजून काय हवंय रे?" मी सहज विचारलं. खरंच सहज. त्याला विचारते आहे हेसुद्धा माझ्या मनात नव्हतं.

तो खाली बसला. आपल्या तळहातांकडे बघायला लागला.

"त्या बुधवारी दुपारी एक फोन आला होता," तो म्हणाला. "आईंचा. दवाखान्यातून दादाने लावून दिला होता. त्यांना धाप लागत होती, शब्द तुटत होते. म्हणाल्या, 'शंतनुराव, तिला द्या ना जरा.' मी घाबरलो, निवे. तो आवाज ऐकलास तर तू विमानात बसशील, आणि आपलं हेही बाळ जाईल, असं वाटलं. मी म्हटलं, ती झोपलीय. त्या म्हणाल्या, 'झोपू द्या. उठवू नका. मी थांबते.'"

 तो माझ्याकडे बघायला तयार नव्हता.

"तू झोपली नव्हतीस, निवे. मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतीस. मला खिडकीतून दिसत होतीस."