मोजायचा राहिलेला रकाना

हे खरं आहे. पटत नसेल तर पुढे वाचू नका. माझं जे बिघडायचं ते बिघडून गेलंय.

मंगळवार. दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं. कारखान्यातली आमची चाचणीची खोली. बाहेर लख्ख ऊन. लाइट गेले नव्हते, वारा सुटला नव्हता, तसलं काहीच नव्हतं.

त्याच खोलीत बारा दिवसांपूर्वी माझा मोठा भाऊ गेला होता.

दादा आणि मी एकाच टेबलावर काम करायचो. मोटरचा वेग कमी-जास्त करणारे इन्व्हर्टर तपासायचं काम. दोन डिझाइनची तुलना चालू होती. जुन्यावर मोटर कर्कश शिटी मारायची. नवं माझं लाडकं. त्यावर मोटर इतकी गप्प चालायची, की हात लावून बघावं लागे.

"गप्प मशीनचा मला भरवसा नाही बाबा," दादा म्हणायचा.

"म्हणूनच वहिनींशी तुझं जमतं," मी चिडवायचो.

तक्त्यात सतरा रकाने होते. सोळा मी मोजून भरले. शेवटचा होता... मशीन बंद केल्यावर आतल्या कॅपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला लागणारा वेळ.

जुन्याला पाच मिनिटं लागायची. नव्यालाही मी पाचच लिहिलं. न मोजता.

नव्यात कॅपॅसिटर जास्त आहेत, हे मला माहीत होतं. पण जेवायची सुट्टी झाली होती. मी आकडा उतरवला, तक्त्यावर सही केली, झाकणावर 'पाच मिनिटं थांबा' असं स्टिकर लावलं आणि डबा खायला गेलो.

दुसऱ्या दिवशी मीटर लावायला झाकण काढताना दादाचा स्क्रूड्रायव्हर आत टेकला. खोलीत तो एकटाच होता.

"पाच मिनिटं थांबला नसणार. घाई नडली," साहेब म्हणाले. "एकदा मोज आणि तसं लिहून दे."

घाई! दादाने वीस वर्षांत कधी घाई केली नव्हती. थांबायचं असलं की तो टेबलावर बोट आपटायचा. दर मिनिटाला एकदा. आता त्याच्या नावाला निष्काळजीपणाचा डाग कायमचा लागणार होता, आणि तो माझ्या हातून.

त्या मंगळवारी मी मीटर आधीच जोडून ठेवलं. मशीन चालवलं, बंद केलं आणि घड्याळ लावलं.

एक मिनिट झालं.

टक...

बाहेरचा पाइप उन्हाने तापला असेल, असं मी मनाशी म्हटलं.

दोन मिनिटं.

टक...

आवाज टेबलातून येत होता. दादाच्या बाजूने.

मी वाकून टेबलाखाली बघितलं. काही नव्हतं.

पाचवी टक आली. मीटरवर अजूनही तीनशे नव्वद व्होल्ट होते, जीव घेण्याइतके.

दादा थांबला होता. पूर्ण पाच मिनिटं थांबला होता.

मी रडायला लागलो. आवाज थांबला नाही. सहा... सात... आठ... प्रत्येक वेळी जरा जोरात. चौदाव्या मिनिटाला मीटर शून्याजवळ आलं, आणि खोली एकदम शांत झाली.

मग टेबलावरचं पेन घरंगळत माझ्या हाताशी आलं.

ते टेबल सपाट आहे. मी नंतर लेव्हल लावून बघितलं.

मी लिहिलं, 'चौदा मिनिटं. स्टिकर चुकीचं होतं. चूक माझी.' खाली सही केली.

बुधवारी सकाळी साहेबांनी कागद वाचला आणि शांतपणे फाडला. "स्टिकर आपण बदलू. पण त्या तक्त्यावर सही कुणाची आहे, आठवतंय ना? तुलाही पोरंबाळं आहेत."

त्यांनी दुसरा कागद पुढे केला. 'मृताने ठरलेली वेळ पाळली नाही.'

मी सही केली. एवढा नीच मी असेन, असं मलाही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी साहेबांच्या सांगण्यावरून तो कागद घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचला. घडी घातली.

"भावजी," त्या म्हणाल्या, "काल दुपारी हे आले होते."

त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"त्या खुर्चीत बसले. पाणी दिलं, घेतलं नाही. 'त्याने खरं लिहिलं गं,' म्हणाले... आणि हसले. किती समाधानाने हसले!"

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"आता परत आले, तर काय सांगू?"

मी चपला घातल्या आणि निघालो. त्या घरी पुन्हा गेलेलो नाही. वहिनींचे फोन येतात, मी उचलत नाही. दादा परत आला का, हे मला ऐकायचं नाही.