या की एकदा नगरला

पूजा, बॅग भरून झाली ना? मग ये, बस इथं गच्चीवर. लाईट आता काही येत नाही. अंगद, ती बॅटरी बंद कर, डोळ्यांवर येते. आणि जिन्याचं दार ओढून घे... नको, असू दे. उघडंच राहू दे.

कार्डिफला जाऊन काय काय बघायचं, हे तू ह्या बापाला विचारतेस म्हणजे कमालच झाली. जन्मभर नगर-जामखेड गाडीवर तिकिटं फाडली, त्यापलीकडं माझी मजल नाही. पण माझा ड्रायव्हर तिकडं जाऊन आलाय. आमोस भिंगारदिवे. मी घंटी मारायची आणि त्यानं गाडी हाणायची, अशी आमची जोडी. त्यानं ते शहर मला इतक्यांदा सांगितलंय की डोळे मिटून तुला फिरवून आणीन.

दोन वर्षं झाली. त्याची मुलगी एंजल तिकडं नर्स आहे. तिचं बाळंतपण निघालं म्हणून थंडी सरता सरता आमोस आणि रोझीवहिनी निघाले. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, जुन्या लुगड्यांची दुपटी. बॅगांचं वजन जास्त भरू नये म्हणून वहिनींनी जाड शाल अंगावरच घेतली होती. करड्या रंगाची, लोकरीची. एका कोपऱ्याला चुलीची ठिणगी पडून भोक पडलेलं, ते त्यांनी लाल दोऱ्यानं रफू केलं होतं. मीच त्यांना पुण्याच्या बसमध्ये बसवून दिलं. ती शाल लक्षात ठेवा.

तर, पहिल्यांदा किल्ला बघायचा. शहराच्या ऐन मध्यात आहे. आत हिरवंगार टेकाड, त्यावर जुना बुरूज, खाली खंदक. आमोस म्हणायचा, "आपला भुईकोट काय कमी न्हाई. फक्त त्यांच्या खंदकात पानी हाय अन् आपल्या खंदकात बाभळी." किल्ल्याशेजारच्या भिंतीवर दगडी जनावरं आहेत. सिंह, अस्वल, माकडं, आत्ता रस्त्यावर उडी मारतील अशी. मग काचेच्या छताच्या मार्केटमध्ये जायचं. तिथं तव्यावर बेदाण्याच्या गोड टिकल्या भाजतात, त्या गरम असतानाच खायच्या. नदीतून बोट जाते खाडीपर्यंत, तिच्यात बसायचं. खाडीवर खलाशांसाठी बांधलेलं पांढरं लाकडी चर्च आहे. आमोस तिथं बराच वेळ उभा होता म्हणे.

पण ह्या सगळ्यापेक्षा त्याला आवडली तिथली सिटीबस. उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो! हसू नकोस, अंगद. त्याचे डोळे भरून आले होते ते सांगताना. "आख्खी नोकरी घातली जामखेड घाटात, गहिनी, कुनी थँक्यू म्हनलं का रे?" मी म्हटलं, मला तर सुट्ट्या पैशांवरून शिव्याच मिळाल्या.

एकाच गोष्टीला दोघं वैतागले होते. पाऊस. धो धो नाही, नुसती भुरभुर, पण रोज. बाळाची दुपटी घरभर टांगलेली, वाळायचं नाव नाही.

आता रोझीवहिनींचं सांगतो. ती बाई जगात कुणाला परकं मानायचीच नाही. गाडीत शेजारी कोण बसलंय ह्याची चौकशी पाथर्डी फाट्याच्या आत पूर्ण. आणि उतरताना ठरलेलं, "या की एकदा आमच्याकडं. भिंगारला कुनालाबी इचारा, भिंगारदिव्यांचं घर." आमोस चिडवायचा की हिच्या बोलावण्यावर सगळे आले तर मला गाडी विकावी लागंल. कुणी कधी आलं नाही. आपण सगळेच म्हणतो, या की एकदा. समोरचाही म्हणतो, येऊ की. बोलण्याची रीत आहे ती. कोण मनावर घेतो?

शेवटच्या आठवड्यात एंजलनं त्यांना शहराबाहेरच्या एका मोठ्या म्युझियमला नेलं. तिकीट नाही, फुकट. झाडीमध्ये जुनी जुनी घरं. देशभरातून एकेक घर दगड न् दगड सोडवून आणायचं आणि इथं जसंच्या तसं बांधायचं. मला तर मुळा धरणात उठलेली गावं आठवली. असं कुणी आपलं काही उचलून ठेवलं नाही. तिथं एका शेतकऱ्याचं घर होतं, बाहेरून लालभडक रंगवलेलं. आमोसनं विचारलं तर दारावरचा पोरगा म्हणाला, पूर्वीची समजूत, लाल रंगानं भुतं घरात येत नाहीत.

बाळ झोपलं होतं म्हणून एंजल बाबागाडी घेऊन बाहेरच थांबली. ही दोघं आत गेली. अंधारं घर. चुलाण्यात कोळसा धुमसत होता. पुढ्यात दोरी बांधलेली, दोरीपलीकडं लाकडी खुर्ची. खुर्चीत एक म्हातारी. डोक्याला पांढरं फडकं, पायात लाकडी तळाचे बूट. आमोसला वाटलं, नोकरीला ठेवली असेल, लोकांना दाखवायला. म्हातारी कुडकुडत होती. वहिनींनी काय करावं? अंगावरची शाल काढली, दोरीवरून वाकल्या आणि तिच्या खांद्यावर घातली. म्हातारी काहीतरी बोलली. ह्यांना तिचं कळेना, तिला ह्यांचं कळेना, तरी दोघींच्या गप्पा झाल्या. आणि निघताना...

बरोबर. सवयच ती. "या की एकदा नगरला," वहिनी म्हणाल्या. पत्तासुद्धा सांगितला.

बाहेर आल्यावर आमोसनं एंजलला म्हटलं, त्या आजीबाईंना माझ्या वतीनं थँक्यू सांग. एंजलनं दारावरच्या पोराला सांगितलं. पोरगा तिच्याकडं बघतच राहिला. आत कुणी बसत नाही, म्हणाला. खुर्चीवर बसायला मनाई आहे, म्हणून तर दोरी. आमोस एकटा परत आत गेला. खुर्ची रिकामी. शालही नाही.

वहिनींना त्यानं हे सांगितलं नाही. घाबरेल, म्हणाला. मला सांगितलं, तेसुद्धा आवाज खाली करून. मी तेव्हा हसलो. आता रात्री पडल्या पडल्या विचार करतो की लाल रंगानं बाहेरचं आत येत नसेल, तर आतलं बाहेर तरी कसं पडणार? पण बोलावणंच मिळाल्यावर त्याला अडवणार कोण?

मतदानाला हजर राहायचं म्हणून आमोस हट्टानं वहिनींना घेऊन मेमध्ये परत आला. सोमवारी मतदान झालं. त्याच आठवड्यातली शनिवारची रात्र. दिवसभर अशी काहिली की डांबर चपलेला चिकटत होतं. रात्री लाईट गेली. मी तेव्हा केडगावला राहायचो, तिथंही असाच गच्चीवर झोपलेलो. साडेबाराला फोन वाजला.

"गहिनी... आलीय रे."

"कोन आलीय?"

"लाल घरातली."

आमोस पिणारा माणूस नाही. मी उठून बसलो.

दार वाजलं तेव्हाचं त्यानं मला मागाहून सांगितलं. आधी गल्लीत सिमेंटवर आवाज आला. खट... खट... लाकडाचा. त्यांच्या दाराशी थांबला. वहिनी झोपेतून उठून बसल्या आणि हसऱ्या तोंडानं म्हणाल्या, "आल्या वाटतं."

"कोन?"

"अहो, मी बोलावलं हुतं ना."

त्यानं हात धरला. हात गार. "रोझी, उघडू नको."

"दारात आलेल्या मानसाला भाईर उभं करू व्हय?"

आणि कडी काढली. आमोसला दारात कुणी दिसलं नाही. फक्त ओला वारा आत आला. भिंगारमध्ये, मे महिन्यात, पावसाचा वास. आणि कोळशाच्या धुराचा. प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर सरकली, कुणी बसायला ओढावी तशी. आमोसचे पाय खाटेखाली उतरेनात. त्यानं चाचपडत मला फोन लावला आणि फोन तसाच मुठीत धरून ठेवला.

इथून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

"बसा. पानी घ्या."

गप्प.

"व्हय, नातवाचं नाव नोहा ठिवलं. आईवर गेलाय."

गप्प... पार गप्प. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ मला केडगावला ऐकू येत होतं. आणि दुसरं काहीतरी. टप... टप... फरशीवर पाणी ठिबकत होतं.

"लई भिजलाय तुमी. टावेल देऊ?"

...

मग वहिनी हसल्या. आपल्या त्या नेहमीच्या हसण्यानं. "आता आमी यायचं म्हनताय व्हय?"

मी फोनमध्ये ओरडलो, "वहिनी, न्हाई म्हना! न्हाई म्हना!" पण माझा आवाज आमोसच्या मुठीत. तिथून पुढं जातोय कुठं? आणि आमोस? घाटात ब्रेक गेलेली गाडी, मागं साठ माणसं, ह्या पठ्ठ्यानं डोंगराला घासून उभी केली होती. त्याची जीभ उचलेना. नुसता घोगरा श्वास. मला ऐकू येत होतं, तो बोलायला बघतोय. 'न' म्हणायला बघतोय.

"येऊ की," वहिनी म्हणाल्या. "येऊ की एकदा."

...

...

"अगं बाई. एकदा न्हाई, आत्ताच चला म्हनत्यात." आणि मग आमोसला, अगदी सहज, "अहो, मी जरा कोपऱ्यापर्यंत सोडून येते हं."

दार वाजलं. खट... खट... आणि मागं चपलेचा फटक फटक. लांब गेला आवाज. आणखी लांब.

मग चपलेचा आवाज थांबला.

खट... खट... चालूच होती. एकीची नाही रे. दोघींची.

मी स्कूटर काढली. रिकामा रस्ता, तरी संपेना. पोचलो तेव्हा आमोस कोपऱ्यावर बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. वहिनींचं डोकं मांडीवर. मी हात लावला. त्या उकाड्यात अंग बर्फासारखं. डॉक्टर म्हणाले, हार्ट. असेल. एंजलला तान्ह्या बाळाला घेऊन येता आलं नाही. तिनं आईला माती देताना मोबाईलवर बघितलं आणि तिकडून नुसती मम्मी, मम्मी करत राहिली. कुणाच्या हातात काय होतं? तिच्या नाही, माझ्या नाही, आमोसच्या तर मुळीच नाही.

त्या रात्री चादर आणायला मी घरात गेलो. फरशीवर पाण्याचं थारोळं. मधोमध ती खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर शाल. करडी. कोपऱ्याला लाल दोऱ्याचं रफू.

चिंब ओली. मी पिळली आणि अंगणातल्या दोरीवर टाकली. दुसरं काय सुचणार?

पूजा, रडू नकोस. तू जा. किल्ला बघ, बोटीत बस, त्या गोड टिकल्या खा. ड्रायव्हरला थँक्यू म्हणायला विसरू नको, आमोसच्या नावानं म्हण. फक्त त्या लाल घरात गेलीस तर कुणाशी बोलू नको. कितीही ओळखीचा चेहरा दिसला तरी.

कारण परवा मी आमोसकडं गेलो होतो. तू कार्डिफला निघालीस हे त्याच्या कानावर गेलंय. माझा हात धरून बसला. म्हणाला, "गहिनी, तुझ्या पोरीला सांग, त्या घरात जाऊन रोझीला बोलाव म्हनावं. नुसतं या की एकदा म्हनलं तरी येत्यात रे. मला म्हायती हाय."

म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघवेना. वहिनी येतीलही. पण एकट्याच येतील कशावरून? आणि येऊन परत जाताना कुणाला 'चला' म्हणतील? हे त्याला कसं सांगायचं? मी म्हणालो, "सांगतो की." आपल्या तोंडातून नाही म्हणून निघतच नाही, बघ.

निघालो तर अंगणात दोरीवर शाल होतीच. दोन उन्हाळे गेले तिच्यावरून. ह्या वर्षीचं ऊन तर तुम्ही बघताय, विहिरी आटल्या. आमोस रोज संध्याकाळी बाहेर येतो, ती पिळतो आणि परत टाकतो. "तिकडं पाऊस चालू आसंल," म्हणतो.

मी कोपरा चिमटीत धरून दाबला.

मनगटापर्यंत गार पाणी आलं.