चिंचोळी फाट्यावरच्या चादरी

पहिली आंघोळ उरकून अख्खं सोलापूर फराळाला बसलं होतं, तेव्हा सात रस्त्याजवळच्या एका जिन्याखालच्या ऑफिसात बुद्धप्रिया तळभंडारे विमा कंपनीची फाईल वाचत होती. तिच्या घरी दिवाळी करत नसत, आणि खासगी तपासाच्या धंद्यात सणाची सुट्टी परवडत नाही. समोर उमर बागवान शेजारून आलेल्या चकल्या संपवत होता. उमर तिचा मदतनीस. स्कूटर चालवणं, फोटो काढणं आणि प्रत्येक प्रकरणात भलत्याच माणसावर संशय घेणं ही तिन्ही कामं तो मनापासून करी.

प्रतिक्षा म्हमाणे आत आल्या त्या भरजरी साडीत, पण चेहरा उतरलेला. बँकेत अधिकारी, राहायला जुळे सोलापुरात. त्यांचा मैत्रिणींचा गट दर दिवाळीला चिंचोळी फाट्यावरच्या मुलींच्या वसतिगृहात फराळ, नवे कपडे आणि चादरी वाटायचा.

"काल संध्याकाळी सगळं सामान तिथल्या कोठीच्या खोलीत ठेवलं," त्या म्हणाल्या. "आज सकाळी दार उघडलं तर कपडे नाहीत, चादरी नाहीत. कुलूप मात्र जसंच्या तसं."

"पोलीस?"

"मुलींचं वसतिगृह आहे हो. उगाच गवगवा नको. आणि चोर कोण ते मला माहीत आहे. अधीक्षक, नागनाथ सर. किल्ली त्यांच्याच कमरेला असते." प्रतिक्षाताईंनी आवाज खाली आणला. "गेल्या महिन्यात मंगळवारच्या बाजारात हातगाडीवर चादर बघितली. आमच्या गटाचं लेबल शिवलेली! विकायला ठेवली होती. तेव्हापासून माझं मन उडालंय. लोकांच्या दारात जाऊन आम्ही जमवायचं, आणि खायचं यांनी? एकदा हे सिद्ध करून द्या. पुढच्या वर्षीपासून बंद करायला मी मोकळी."

"म्हणजे निकाल तुम्ही लावलाच आहे, पुरावा तेवढा हवाय," बुद्धप्रिया म्हणाली आणि चप्पल पायात सरकवली.

प्रतिक्षाताईंना ते लागलं. पण त्यांनी गाडीचं दार उघडून दिलं.

वसतिगृह पुणे हायवेच्या कडेलाच होतं. आवारात गटातल्या बायकांच्या मोटारी एका रांगेत उभ्या, आणि एसी लावून बायका आतच बसलेल्या. व्हरांड्यात मुली ओळीने बसल्या होत्या. केस चापून बसवलेले, अंगावर शाळेचाच गणवेश. इतक्या मुली एकत्र असून चिवचिव नाही, हे बुद्धप्रियाला खटकलं.

नागनाथ सर सामोरे आले. पन्नाशीचा, खांदे पडलेला माणूस.

"ताई, माझ्यावर संशय हाय ते माहीत हाय मला," त्यांनी सुरुवातच केली. "किल्ली रात्रभर उशाला होती. पण एक सांगतो, चोर सापडेपर्यंत एक पोरगी हितनं हलणार नाही. पाव्हण्यांसमोर माझी मान खाली गेली की ओ."

त्यांनी कोठी उघडून दाखवली. फराळाचे मोठे चौकोनी डबे भिंतीशी रचलेले, एकालाही हात लागलेला नव्हता. शेजारी एका विटेखाली प्लास्टिकच्या रिकाम्या पिशव्यांची चळत होती. प्रत्येक पिशवी नीट घडी घातलेली.

"कपडे न् चादरी यातच होत्या," प्रतिक्षाताई म्हणाल्या. "आणि आमचा फ्लेक्सही नाही. तो तर गुंडाळून दारामागे उभा केला होता."

"चोराला भूक नव्हती," उमरने निदान केलं. "म्हणून फराळ ठेवला."

 बुद्धप्रिया मागच्या खिडकीशी गेली. झडप निखळलेली, पण उभे गज पक्के. तिने हात घातला. तो खांद्यापर्यंत गेला, पुढे खांदा अडला.

"फ्लेक्सवर काय लिहिलं होतं?"

"नेहमीचंच. 'अनाथ मुलींसोबत आमची दिवाळी', आणि आम्हा सगळ्यांची नावं."

पहिला नंबर वॉचमन ज्ञानबाचा लागला. तो म्हणाला, फाटकातनं कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही, आणि कंपाउंडवर काचा लावल्यात. उमरने त्याच्या अंगातल्या नव्याकोऱ्या स्वेटरकडे बोट दाखवलं.

"जावयानं दिलाय," ज्ञानबा तडकला. "आन् चोरायचंच आसतं तर चादर चोरली आसती व्हय? माज्या घरात बसायला जागा न्हाई एवढ्या चादरी हायत."

मग स्वयंपाकघर. येसूबाई पदराने नाक पुसत भांडी घासत होती.

"मला कशाला इचारता? पहाटंधरनं डोकं चढलंय. पोरींनी बंबात काय कोंबलंया कुणास ठाऊक, सगळा धूर नुसता पलाष्टिकचा! मी म्हनलं, गं भवान्यांनो, लाकडं दिलीत की तुमाला."

"बंब मुली पेटवतात?"

"एरवी मी. आज म्हनल्या, मावशी, तुमी निजा, आमी पानी तापवतो. गुनाच्या हायत तशा."

मुलींच्या खोलीत बुद्धप्रिया थोडाच वेळ थांबली. भिंतीला लागून वळकट्या ओळीने ठेवलेल्या, सुतळीने आवळून बांधलेल्या. प्रत्येक वळकटीवर पत्र्याची पेटी, कडी घातलेली. उमर एका वळकटीवर टेकला आणि म्हणाला, "ताई, गादी कसली गुबगुबीत आहे! माझ्या घरी नाही असली."

दाराशी एक बारकीशी मुलगी येऊन उभी राहिली होती. दोन्ही कानांवर हळद लावलेली, आणि हळदीखाली खरचटलेलं.

"काय गं, नाव काय? कानाला काय झालं?" उमरने विचारलं.

"अक्षता. उटनं लावताना लागलं." तिने एकदा मागे बघितलं. "मामा, पाडवा परवा हाय न्हवं? आन् आज अक्कलकोटची एष्टी असती का वो?"

"असते की. का गं?"

"उगंच," ती म्हणाली आणि पळाली.

बुद्धप्रियाने सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. नागनाथ सर, येसूबाई, ज्ञानबा, प्रतिक्षाताई. मुलींनाही तिने आतच बसायला सांगितलं. रहस्य उलगडून दाखवायची तिला हौस होती, आणि ती हौस ती पुरेपूर भागवून घेई. आज भागवली नसती तर बरं झालं असतं.

"किल्लीवाला माणूस दारातून माल नेतो," तिने सुरुवात केली. "त्याने प्लास्टिकसकट गठ्ठे उचलले असते. कोरी चादर पिशवीत असली की भाव येतो, बाहेर काढली की जुनी म्हणून जाते. इथे चोराने एकेक पिशवी उघडली. का? कारण माल दारातून गेलाच नाही. खिडकीतून गेला. गजांतून भरलेली पिशवी निघत नाही. मोकळी केलेली चादर ओढून काढता येते. फराळाचे डबे निघत नाहीत, म्हणून ते राहिले."

"म्हणजे भूक होती?" उमर पुटपुटला.

"असेलही. आता आत कोण गेलं? माझा खांदा अडला. मोठं माणूस त्यातून जाणार नाही. लहान मूल मात्र जाईल. डोकं शिरलं की अंग शिरतं, फक्त कान खरचटतात. दोन्ही कान. उटणं लावताना दोन्ही कानांना सारखं कसं खरचटेल?"

अक्षताने कानांवर हात ठेवले. तिच्या बाजूच्या मुली तिला चिकटून बसल्या.

"चोर रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालत बसत नाही. पावसाळ्यात दप्तराला पिशवी लागते हे ज्यांना माहीत आहे, त्या घालतात. कंपाउंडबाहेर काही गेलेलं नाही. चादरी आणि कपडे त्या वळकट्यांत आहेत. उमर, तू चोरीच्या मालावर बसला होतास."

उमर ओशाळला. येसूबाईने तोंडावर पदर धरला.

"या पोरींनी?" प्रतिक्षाताई उभ्याच राहिल्या. "अहो, पण ते सगळं त्यांच्यासाठीच होतं! आपलीच वस्तू कुणी चोरतं का?"

"फ्लेक्स का नेला ते बघा, म्हणजे कळेल. त्याला बाजारात किंमत नाही. तो गेला पहाटे बंबात. येसूबाईंचं डोकं चढलं ते त्याच धुराने. तुमची नावं जाळायची नव्हती त्यांना. त्यावर एक शब्द होता, तो जाळायचा होता." ती मुलींकडे वळली. आवाज जरा मऊ झाला. "अक्षता, आई कुठं असते तुझी?"

मुलीने कानांवरचे हात काढले. मग एकदम म्हणाली, "मैंदर्गीला. आई हाय मला. बाबा बी हाय. समद्यांचं कोन ना कोन हाय. आमी अनात न्हाई."



"मग सुट्टीत या इथे कशा?" प्रतिक्षाताईंनी नागनाथ सरांकडे बघितलं. "शाळा तर कधीच्या बंद झाल्या."

"पेट्या भरल्यात, वळकट्या बांधल्यात," बुद्धप्रिया म्हणाली. "सामान नाही मिळालं तर कार्यक्रम नाही. कार्यक्रम नाही तर पाहुणे परत जातील, आणि सर दुपारच्या एसटीने घरी सोडतील. एवढाच बेत होता. पाडव्याचं काय, अक्षता?"

"पाडव्याला टोळी जानार. ऊस तोडाया. मंग शिमगा झाल्याबिगर येत न्हाईत." तिचे डोळे भरून आले. "मागल्या साली बी मी हितंच व्हते. घरी गेले तर कुलूप. आजीकडं ठिवलं मला."

सगळ्यांच्या नजरा नागनाथ सरांवर खिळल्या. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि उगाच टेबलावर ठेवली.

"सोडतो ओ मी. भाऊबीज झाली की सोडतो. त्याआधी कसं सोडू? दिवाळीत पोरी नसल्या तर तुमी येणार का? आज तुमी, उद्या व्यापाऱ्यांचं मंडळ, परवा आणि कोण. सगळ्यांना दिवाळीतच वाटायचं असतं, आणि अनाथच लागतात. आई-बाप असलेली म्हटलं की लोक म्हणतात, मग ते बघतील की. आणि सगळे चादरी देतात. सोलापूर हे, दुसरं काय देणार! एका पोरीला किती चादरी लागतात? आखाडात डाळ लागते. तेव्हा कुणी फिरकत नाही. मंगळवारच्या बाजारात चादरी मीच विकतो, म्हमाणेबाई. डाळ न् तेल आणतो. तुमाला फोन केला होता मी, जुलैत या म्हणून. तुमी म्हणाला, जुलैत कुणाला वेळ नसतो."

प्रतिक्षाताईंना तो फोन आठवला की नाही, कळलं नाही. त्या खाली बसल्या. चोर सापडला असता तर त्यांना रागवता तरी आलं असतं. इथे रागवायला कुणीच उरलं नव्हतं, आणि स्वतःवर रागवायची माणसाला सवय नसते.

"चला," त्या एकदम म्हणाल्या. "कार्यक्रम गेला खड्ड्यात. मोटारी आहेत बाहेर. एकेकीला घरी पोचवू. अक्षता, तू आधी. संध्याकाळच्या आत मैंदर्गी."

मुलींत पहिल्यांदाच कुजबुज झाली. कुणीतरी हसलंसुद्धा.

"आधी फोन करा," बुद्धप्रिया म्हणाली. "घरी आहेत का बघा."

नागनाथ सरांनी अक्षताच्या वडिलांचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून आधी नुसताच इंजिनाचा घरघराट आला, मग बाईचा आवाज.

"कोन, सर? आवो, आमी वाटंत हावो. कारखाना बिगीनं लागला म्हनून मुकादमानं आजच टोळी उचलली की. सकाळीच निगालो."

"आई," अक्षता म्हणाली.

"अगं बाई! अक्के, आत्ताच तुज्या फाट्यावरनं आलो गं. च्याला थांबला व्हता टरक, लई येळ थांबला. मी उतरले बी व्हते, फाटकापतोर आले."

"मग आली का न्हाईस?"

"मोटारी दिसल्या की रांगंनं. म्हनलं, पावनं आल्यात मोठी मान्सं. सरांनी सांगून ठिवलंय, पावनं आसताना आई-बापानं दिसायचं न्हाई. आन् हे आसलं लुगडं." पलीकडे हॉर्न वाजला. "मंग फिरले माघारी. टरक बी सुटायला आलता."

ज्ञानबाने मान खाली घातली. मघाशी या खोलीच्या खिडकीतून फाटकाशी घुटमळणारी बाई त्याने बघितली होती. भिकारीण असेल म्हणून तो उठला नव्हता.

बुद्धप्रिया भिंतीला टेकली. ट्रक चहाला थांबला होता तेव्हा ती इथे गजांचं आणि पिशव्यांचं गणित सोडवून दाखवत होती. गणित बरोबर आलं होतं. ते दहा मिनिटांत आवरून मुलींना बाहेर सोडलं असतं, तर एक मुलगी फाटकापर्यंत गेली असती.

"गाडी काढते मी," प्रतिक्षाताई फोनवर वाकून जवळजवळ ओरडल्या. "ट्रक थांबवा, आम्ही गाठतो."

"न्हाई थांबनार वो ताई. मुकादम लई बोलतो. आमी मोहोळच्या जवळ आलो." इंजिनाच्या आवाजात तिचे शब्द तुटत होते. "अक्के, कापडं मिळाली का नवी? गोडधोड खाल्लंस का?"

अक्षताने आजूबाजूला बघितलं. सर, भरजरी साडीतली बाई, चूक न करणारी ती दुसरी बाई, सगळी तिच्याकडे बघत होती.

"व्हय," ती म्हणाली. "लई मिळालं."

"बघ! म्हनून म्हनलं, ऱ्हाऊ दे तितंच. हितं काय आसतं?" आई सुखावल्यासारखं बोलली. "चांगल्या मान्सांस्नी पाया पड. त्येंच्या जिवावर सन झाला तुजा."

फोन कट झाला. नागनाथ सरांनी परत लावून बघितला, पण रेंज नव्हती.

अक्षताने डोळे पुसले. मग आईने सांगितलं होतं म्हणून ती पुढे झाली आणि प्रतिक्षाताईंच्या पाया पडली. तिच्यामागे बाकीच्या मुली सवयीने रांग लावून उभ्या राहिल्या, आणि प्रतिक्षाताईंना पाय मागे घेता आले नाहीत.